जागल्याची साक्ष

९ जानेवारी

उस्ताद,

नमस्कार. माझं अक्षर ओळखून तुम्ही पाकीट न फोडता बाजूला ठेवाल, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या दुकानदाराकडून लिहून घेतला आहे. पंधरा वर्षांनी पहिलं पत्र, आणि त्याची सुरुवातच लबाडीने. पण दार किलकिलं झालं की आधी पाय आत घालायचा, बोलणं नंतर, हे मला तुम्हीच शिकवलंत.

कामाचं आधी लिहितो. झोपेच्या आजाराबद्दल अपंगत्व पेन्शन मिळावी म्हणून मी अर्ज केला होता. मंडळाने तो फेटाळला. आजार त्यांना मान्य आहे. मला रात्री झोप लागत नाही आणि दिवसा बसल्या जागी लागते, हे त्यांच्याच डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. पण खाली ‘सेवेशी संबंध आढळत नाही’ अशी एक ओळ लिहून शिक्का मारला. खिडकीवरच्या कारकुनाने माझी फाइल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, काका, सतरा वर्षांत तुम्ही एकदाही आजारी पडला नाहीत, साधा ताप नाही, मग हे दुखणं फौजेने दिलं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्याला काय सांगू, की आमच्या उस्तादांच्या तुकडीत आजारी पडलेलं चालत नसे.

फौज सोडल्यावर मी पाणीपुरवठ्यात लागलो होतो. टाकीवर व्हॉल्व्ह सोडायचं आणि बंद करायचं काम. मागच्या वर्षी भर दुपारी व्हॉल्व्ह सोडून खुर्चीत टेकलो आणि डोळा लागला. टाकी भरून वाहिली, खालच्या दोन गल्ल्यांत पाणी शिरलं, लोकांच्या चपला नाल्यापर्यंत पोहत गेल्या. इंजिनिअर साहेब मला हलवून उठवत होते, तेव्हा मी म्हणे डोळे न उघडताच त्यांच्या नाकाखाली हात धरला. त्यांना वाटलं मी थोबाडीत मारतोय. नोकरी गेली.

मी अपील केलं आहे आणि त्याला तुमची सही असलेली लेखी साक्ष जोडायची आहे. तुम्हाला फार लिहायला लागू नये म्हणून मजकूर मीच मांडून देतो:

‘वरच्या चौकीवर रात्री नऊ वाजता स्टोव्ह विझवायचा असा हुकूम होता. विझवला तर थंडीने माणसांची बोटं काळी पडत. पेटता ठेवून सगळे झोपले तर बंद बंकरात विषारी वायू साठे आणि माणसं उठत नसत. म्हणून चौकीचा प्रमुख या नात्याने मी ठरवलं की स्टोव्ह रात्रभर चालू राहील आणि एक माणूस जागा राहील. त्याने दर थोड्या वेळाने धुराड्याच्या तोंडावरचं बर्फ पाडायचं आणि झोपलेल्या प्रत्येकाच्या नाकाखाली हात धरून श्वास बघायचा. हे काम चौकीच्या नोंदवहीत लिहिलेलं नव्हतं. तीन हिवाळे ते एकाच माणसाने केलं.’

एवढंच. यात एक शब्द खोटा असेल तर खोडा. सुरुवातीला आठवडाभर पाळ्या होत्या. मग तुम्हीच म्हणालात, या पठ्ठ्याला झोपच नाही, याच्यावरच सोडा. तेव्हापासून माझं नाव जागल्या पडलं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. चार माणसं माझ्या भरवशावर घोरत होती. एका माणसाच्या नाकाखाली हात आणि एकदा देवाचं नाव, असं करत मी चारदा नाव घ्यायचो आणि मग बाहेर जाऊन धुराडं झाडायचो.

त्या बंकरातला कोणी साक्ष देईल असं तुम्ही म्हणाल. एक मागाहून गावी वारला. एक परदेशी आहे, पत्ता नाही. तिसऱ्याला मी फोन केला होता. तो म्हणाला, मी तर झोपलेलो असायचो, तू जागा होतास की नाही मला काय ठाऊक? त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना.

शेवटच्या हिवाळ्यातल्या त्या गोष्टीबद्दल मी काही मागत नाही. ती तुमच्यामाझ्यात राहू दे. मला फक्त सही हवी आहे.

तुमच्या हाताखालचा,
जागल्या


४ फेब्रुवारी

उस्ताद,

पोचपावती आली. त्यावर तुमची सही आहे, म्हणजे पत्र मिळालं आणि हातही चालतो.

माझ्या अपिलाची सुनावणी वीस मार्चला आहे. त्याआधी त्यांनी मला झोपेच्या तपासणीला नेलं. डोक्याला, छातीला, पायांना डिंकाने वायरी चिकटवतात आणि म्हणतात, आता झोपा निवांत. मी अंगावर एवढा संसार घेऊन पडून राहिलो. खोलीत लक्ष ठेवायला एक नर्स होती, पोरसवदा, दिवसभर कुठेतरी दुसरी ड्युटी करून आलेली. ती खुर्चीतच पेंगली. पुढचं मला आठवत नाही, पण अहवालात आहे. मी चार वेळा उठलो, वायरींसकट तिच्यापाशी गेलो, तिच्या नाकाखाली हात धरला आणि परत येऊन आडवा झालो. चौथ्या वेळी तिला जाग आली. मजला गोळा झाला. सकाळी मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, काका, माझ्या आईनंतर रात्री उठून मला बघणारे तुम्हीच. तिने अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं, स्वतः पेंगली होती हेसुद्धा. तिच्या नोकरीचं काय झालं असेल कोण जाणे. पण बघा उस्ताद, पंचविशीतल्या पोरीने स्वतःविरुद्ध एक ओळ लिहिली.

आमच्या हिचं ऐका. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी सुटीपुरता घरी यायचो, तेव्हा माझं घोरणं ऐकून ती वैतागायची. फौज सोडून आलो तर मी घोरेना. रात्रीतून तीनतीनदा तिला हलवून उठवायचो. ती म्हणायची, श्वास चालू आहे माझा, आता तो घेऊ द्या. दोन वर्षं सोसलं तिने. मग आतल्या खोलीत जाऊन कडी लावायला लागली. मी कडीला कान लावतो हे तिला माहीत आहे. म्हणून अधूनमधून आतून खोकते. गरज नसताना.

तेरा वर्षं ही बाई माझ्यासाठी खोटं खोकते आहे. आणि तुम्हाला खरी सही जड जाते.

आमच्या बंकरातल्या चौथ्याने, शिंप्याने, रफू केलेला एक मोजा अजून माझ्याकडे आहे. मला वाटलं होतं हे नाव मी या पत्रात लिहिणार नाही. लिहिलं गेलं.

जागल्या


२६ फेब्रुवारी

उस्ताद,

तुमचं कार्ड मिळालं. तीन वाक्यं आहेत. ‘प्रकृती ठीक. वहीत लिहिलं आहे तेच खरं, स्टोव्ह रोज नऊला विझवला जात होता. जुनं उकरू नये.’

मी हे कार्ड देवापुढे ठेवलं. वाटलं होतं राग निवेल. तो निवला नाही, फक्त नीट बसला. आता मीही तीन वाक्यांचं उत्तर देऊ शकतो. पण तुम्ही सांगितलंत म्हणून पंधरा वर्षं गप्प बसलो, तेव्हा आज तुम्ही थोडं जास्त ऐकून घ्या.

शेवटच्या हिवाळ्यातल्या त्या दिवशी मी तुमच्याकडे आलो होतो. तुमचा बंकर वायरलेसवाल्याबरोबर, आमच्यापासून तीस पावलांवर. मी म्हणालो होतो, उस्ताद, आज एक रात्र दुसऱ्या कोणाला बसवा, डोकं ठणकतंय, मळमळतंय. तुम्ही चहाचा मग माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, उद्या बघू. तुम्ही वाईट मनाने म्हणाला नाहीत. कोणाला बसवणार होतात? तीन हिवाळ्यांत दुसऱ्या कोणाला जागायची सवयच राहिली नव्हती. ही तुमचीमाझी दोघांची चूक. तुम्ही काम एकावर सोडलंत आणि मी ते दागिन्यासारखं अंगावर मिरवलं.

मी दोनला धुराडं झाडलं. चार श्वास बघितले. शिंपी जागा होता, त्याने माझा हात धरून हळूच बाजूला केला आणि म्हणाला, हात आहे का बर्फाची लादी? एवढं मला आठवतं. त्यानंतर आठवतं ते तुमचा बूट दारावर बसला त्याचा आवाज, उजेड, आणि मी बर्फात पालथा पडून ओकतोय. तुम्ही एकेकाला काखेत धरून बाहेर ओढत होतात. तिघे शुद्धीवर आले. शिंप्याचे गाल लाल होते, इतके की मला वाटलं हा लाजतोय.

मग तुम्ही स्टोव्ह उचलून बाहेर नेलात, त्यात बर्फ भरलंत, परत आणून जागेवर ठेवलात. मला कॉलरला धरून उभं केलंत. तुमचे शब्द मला पाठ आहेत.

“तू जागा होतास. स्टोव्ह विझलेला होता. त्याचं हृदय बंद पडलं. समजलं?”

मी म्हणालो, “समजलं, उस्ताद.”

त्या उंचीवर धडधाकट माणसांची हृदयं बंद पडतात, म्हणून कोणी विचारलं नाही. नऊ दिवस रस्ता बंद होता, तपासायला कोणी वर येऊ शकलं नाही. तुम्ही मला वाचवलंत, हे मी कधी विसरलो नाही. कोर्टमार्शल झालं असतं, घरी हिला तोंड दाखवता आलं नसतं. पण वाचवलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते विचारायला तुम्ही एकदाही आला नाहीत. माझ्या निरोपाच्या दिवशी तुम्ही रांगेत उभे होतात आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होतात.

मी झोपलो, उस्ताद. तीन हिवाळ्यांत एकदा झोपलो आणि माणूस गेला. म्हणून त्यानंतर झोपत नाही. हे मी मंडळापुढे सांगणार आहे, तुमच्या सहीसकट किंवा सहीशिवाय. मी अजूनही रात्री चारदा नाव घेतो. चौथ्या नावाला हात रिकामा राहतो.

सुनावणीच्या आधी मी शिंप्याच्या बायकोला भेटून येणार आहे. परक्याच्या तोंडून तिने ते ऐकू नये.

जागल्या


१२ मार्च

उस्ताद,

जाऊन आलो. ते तुम्हाला नीट सांगतो, कारण तिथे तुमचंही नाव निघालं.

ती कापडाच्या दुकानामागे एका खोलीत शिवणकाम करते. शिंप्याला शिंपी आपण चेष्टेने म्हणायचो, मोजे रफू करायचा म्हणून. ते काम तो हिच्याकडूनच शिकला होता. भिंतीला दोन मशिनी, खाली चिंध्यांचा ढीग, दारात गिऱ्हाइकांच्या पिशव्या. ती मला ओळखत नव्हती. मी शिंप्याच्या बंकरातला, एवढंच म्हणालो, तर तिने मशीनवरचा पाय काढला आणि मला स्टूल दिलं.

मी रस्ताभर वाक्यं जुळवत गेलो होतो. ती सगळी विसरलो. सरळ सांगितलं, स्टोव्ह पेटलेला होता, मी जागं राहायचं होतं, मी झोपलो. तुमच्या नवऱ्याच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर कात्री फेकून मारेल. कात्री हाताशीच होती. ती हातातलं कापड एका बाजूने गुंडाळायला लागली. मग म्हणाली, “हृदयाला काहीच नव्हतं?”

मी म्हणालो, नव्हतं. सामानाचं ओझं पाठीवर घेऊन तो चौकी चढताना गुणगुणायचा.

“पंधरा वर्षं मी पोरीला धावू दिलं नाही,” ती म्हणाली. “बापाचं हृदय कच्चं म्हणून.”

शिंप्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, आता सतरा. फौजेच्या कागदावर हृदय लिहून आलं, तेव्हा कोणीतरी हिला सांगितलं की हे रक्तातून उतरतं. मग पोरीला शाळेत खेळाच्या तासाला सावलीत बसवायचं. जिने हळू चढायचे. दरवर्षी छातीचा आलेख काढायचा, तो दरवर्षी चांगला यायचा, आणि दरवर्षी ही म्हणायची, त्याचाही चांगलाच होता की. उस्ताद, तुम्ही एक शब्द लिहिलात. तो शब्द एका पोरीच्या पायांना जाऊन बांधला गेला. तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण आता दोघांनाही ठाऊक आहे.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने आईला विचारलं, मग मी धावले तर चालेल? आई म्हणाली, एकदा डॉक्टरांना विचारून घेऊ. मुलगी म्हणाली, आता काय विचारायचं राहिलंय त्यात, आणि चपला पायात अडकवून बाहेर गेली. आम्ही दोघं आत बसून चपलांचा आवाज ऐकत होतो, गल्लीच्या टोकापर्यंत आणि तिथून परत. दारात येऊन ती धापा टाकत उभी राहिली. तिच्या आईने नकळत तिच्या नाकाखाली हात धरला. मी खाली बघितलं.

निघताना त्या बाईने मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती. ती एवढंच म्हणाली, ज्याने हृदय लिहिलं त्याला मला एकदा बघायचंय. मी तिला तुमचं नाव सांगितलं आहे. पत्ताही दिला आहे.


२१ मार्च

उस्ताद,

काल सुनावणी झाली. उद्यापरवा तुम्हाला सरकारी पाकीट मिळेल. त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून काल रात्रीच लिहायला बसणार होतो, पण टेबलावरच डोकं टेकून झोपलो. हिने पांघरूण घातलं म्हणे.

मी दोन कागद नेले होते. एक माझं अपील, दुसरा अर्ज शिंप्याच्या मृत्यूचं कारण दुरुस्त करण्याचा, त्यावर त्याच्या बायकोची सही. दोन्ही एकाच टाचणीने टाचले होते. खिडकीवरचा तोच कारकून म्हणाला, काका, हे वेगळे करा, एकाने दुसऱ्याचं नुकसान होईल, तुम्ही ड्युटीवर झोपलात असं स्वतःच लिहून देताय. माणूस वाईट नाही. टाचणी काढायला त्याने हातसुद्धा पुढे केला. मी फाइलीवर हात ठेवला. म्हणालो, ही एकच रात्र आहे, तिचे दोन कागद कसे होतील?

आत तिघं होती. अध्यक्ष, एक फौजी अधिकारी आणि एक डॉक्टरीणबाई. अधिकाऱ्याने तुमच्या हातची वही समोर ठेवली. तीन हिवाळ्यांच्या प्रत्येक रात्रीपुढे ‘नऊला स्टोव्ह विझवला’, ओळीखाली ओळ, एकही खाडाखोड नाही. त्याने विचारलं, ही वही खोटी म्हणता? मी म्हणालो, साहेब, रॉकेलची मागणीवहीही मागवा. नऊला विझणारा स्टोव्ह एवढं रॉकेल पीत नाही. त्याने काहीतरी टिपून घेतलं. हे मला आधी सुचलं नव्हतं. देवाने तिथे बसल्या बसल्या सुचवलं असं मी धरून चालतो.

मग डॉक्टरीणबाईंनी त्या रात्रीबद्दल विचारलं. डोकं कधीपासून दुखत होतं? मी म्हणालो, दोन दिवस. मळमळ? होती. दोननंतर काहीच आठवत नाही? नाही. बाकीचे तिघे आपणहून उठले का? नाही, ओढून बाहेर काढले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्हाला झोप लागली नव्हती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बेशुद्ध पडला होतात. धुराडं आतून चोंदलं असणार. तुम्ही जागे असतात तरी पडला असतात.”

उस्ताद, मी त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं.

पंधरा वर्षं मी ज्या गोष्टीची शिक्षा भोगतो आहे ती मी केलेलीच नव्हती, असं असू शकतं. हे त्या दिवशीच एखाद्या डॉक्टरने मला सांगितलं असतं, जर त्याला स्टोव्ह पेटलेला दिसला असता. तुम्ही स्टोव्हमध्ये बर्फ भरलंत तेव्हा माझी सुटकाही त्यातच भरलीत. मला वाचवायला म्हणून. तुमच्यावर रागावू की तुमच्यासाठी प्रार्थना करू, हे मला कळत नाही. सध्या दोन्ही चालू आहे.

तरी बाईंचं मी पूर्ण ऐकलेलं नाही. धुराडं बघणं माझंच काम होतं. तेवढं माझ्याकडे राहू दे.

निकाल दिलेला नाही. पुढची तारीख वीस एप्रिल, साक्षीदार म्हणून तुम्ही. अध्यक्षांनी मला बजावलं की साक्षीदाराला भेटू नका, दबाव आणू नका. म्हणून हे माझं शेवटचं पत्र, आणि यात तुम्ही काय बोलावं ते मी लिहीत नाही. तुमची वही तिथे असेल. रॉकेलची वही असेल. शिंप्याची बायको येणार आहे. मुलगी म्हणते तीही येणार, बसथांब्यापासून धावत.

दिवसा मला कुठेही झोप लागते हे आता सरकारी कागदावर आहे. इंजिनिअर साहेबांसमोर लागली, देवळात लागते, काल त्या कचेरीच्या बाकावरही क्षणभर लागली. पण वीस तारखेला तुम्ही उभे राहून बोलायला लागाल तेव्हा पहिल्या बाकावर बघा.

मी जागा असेन.